तारेपलीकडची पचमढी

कॉल संपून लाइन मोकळी झाली, की ती हेडफोन एका कानावरून मागे सरकवायची आणि पलीकडच्या गावाच्या ऑपरेटरला विचारायची, "खिडकी से क्या दिख रहा है?"

हा प्रश्न कुठल्याच नियमात बसत नव्हता. सुपरवायझर डोळे वटारायचे. ती शांतपणे म्हणायची, "लाइन चेक करून राहिली, साहेब." आणि मग उत्तर आम्हा सगळ्यांना ऐकवायची. "बालाघाटले बाजार भरून राहिला." "बैतुलले कोनाची तरी वरात चालली." "पचमढीले ढग खोलीत घुसला म्हंते." नागपूरच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये, बाहेरगावचे फोन हातानं जोडून देत, आम्ही आठजणी भिंतीएवढ्या बोर्डाकडे तोंड करून दिवसभर बसायचो. आमच्या खोलीला खिडक्या होत्या, पण त्या पाठीमागे होत्या. तिच्यामुळे आमचा दिवस फिरतीवर जायचा.

सत्तरच्या दशकात तुम्ही नागपूरहून ट्रंक कॉल लावला असेल, तर तिचा आवाज तुम्ही ऐकलाच असेल. आम्ही ऑपरेटर एकमेकींना नावानं हाक मारत नसू. "बोलो, छिंदवाडा." "हां, नागपूर." गावाचं नाव हेच आमचं नाव. तारेवर ती नागपूर होती. मीही तिचं नाव इथे सांगत नाही, तिला ते चाललं असतं.

ती नागपुरातच इंदोरा वस्तीत राहायची, भावाच्या घरामागच्या दोन खोल्यांत, एकटी. चाळिशीची असेल. साडीखाली कॅनव्हासचे बूट, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि येणंजाणं दांड्याच्या सायकलवर. साडी नेसून दांड्याच्या सायकलवर टांग कशी मारतात हे बघायला चहावाला हातातली किटली खाली ठेवायचा. "चाल वं, पाहून येऊ," हे तिचं नेहमीचं वाक्य. तेवढं ऐकून आम्ही फुटाळा तलावावर गेलो, रामटेकला गेलो, एकदा मौद्याला नुसती नदी बघायला गेलो.

तिची सगळ्यांत लाडकी मैत्रीण म्हणजे पचमढी. फार नाजूक, गोड आवाज. दहा वर्षं दोघी बोलत होत्या. ही तिला बहनजी म्हणायची, इकडचा संत्र्याचा भाव सांगायची, आणि पलीकडून धुक्याची, माकडांची, म्हाताऱ्या आईच्या गुडघ्यांची खबर यायची. एका दुपारी हिनं हेडफोन काढून ठेवला. "बहुत ऐकलं पचमढीबद्दल. चाला, पाहून येऊ."

या वेळी पाहून येऊ म्हणजे इतवारी स्टेशनहून छोट्या रुळाच्या गाडीनं छिंदवाडा, सायकली गार्डाच्या डब्यात, आणि तिथून पुढे सातपुड्याचे घाट सायकलवर. शेजारच्या बोर्डवरची सुलभा लगेच तयार झाली. माझं मनही कधीच निघालं होतं. अडचण होती ती बाबांची.

आम्ही नागपूरच्या जुन्या महाल वस्तीतले. प्रवासाचं नाव काढलं की बाबांचा पहिला प्रश्न, "सोबत कोण?" सोबत म्हणजे पुरुष, हे वेगळं सांगायची गरज नसे. मी सांगितलं, छिंदवाड्यालाही बाई ऑपरेटर आहे, पचमढीलाही बाई ऑपरेटर आहे, तिच्या घरी आई आहे, आम्ही त्यांच्याकडेच उतरू. बाबांनी दोन दिवस विचार केला. "बायकांच्याच घरी उतरणार असाल, तर जा. पण यात फरक पडला, तर ही पहिली आणि शेवटची." मी मान डोलावली. माझं पुढचं सगळं फिरणं त्या एका अटीवर टांगलेलं होतं.

छिंदवाड्याची गंमत झाली. तिचा आवाज घोगरा, त्यामुळे आम्ही मनाशी एक जाडजूड काकू धरली होती. दारात आली ती काडीसारखी मुलगी. तिनं मात्र आम्हाला डोळे मिटून ओळखलं, प्रत्येकीला फक्त "नमस्ते" म्हणायला लावून.

दुसऱ्या दिवशी रस्ता सुरू झाला आणि मी काय सांगू तुम्हाला! सागाचं जंगल, वळणामागे वळण, आणि पुढे ती. उतार लागला की ती दोन्ही पाय पेडलवरून उचलायची आणि पदर कमरेला घट्ट खोचलेला असूनही फडफडायचा. मी मागून ओरडायची, "ब्रेक लावा, ब्रेक!" "ब्रेक तं बजारात भेटते," ती वळून न बघता म्हणायची, "उतार नाई भेटत." एका ट्रकवाल्यानं गाडी हळू करून काळजीनं विचारलं, "बहनजी, आदमी लोग पीछे रह गए क्या?" "घर पे हैं," ती म्हणाली, "खाना बना रहे हैं." तो बिचारा पुढच्या वळणापर्यंत मागे वळून बघत होता.

रात्री तामियाला एका शाळामास्तरणीच्या ओसरीत पाठ टेकली. दुसऱ्या दिवशी शेवटचा घाट सायकली ढकलत चढलो. पोटऱ्या पेटल्या होत्या, पण मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. उन्हं कलताना पचमढीचं पोस्ट ऑफिस दिसलं. एक्स्चेंज त्याच्याच मागच्या खोलीत. ती सायकल भिंतीला टेकवून तशीच आत शिरली. "बोलो, पचमढी!"

खुर्चीवरून पन्नाशीचा, भरघोस मिशांचा एक गृहस्थ उठला. त्याच नाजूक, गोड आवाजात म्हणाला, "आ गईं, नागपूर?"

ती बाकावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "दस साल हो गए! बताया काहे नहीं?"

तो कानापर्यंत लाल झाला होता. "पहले ही दिन आपने बहनजी कहा. फिर लगा, टोकूँगा तो खिडकी वाली बात बंद हो जाएगी. तब से 'मैं' की जगह 'हम' ही बोलता रहा."

आई खरोखरच होती. पोळ्या करून वाट बघत होती. त्यानं आपला बिछाना आधीच ऑफिसात आणून ठेवला होता. सगळं नीट होतं, फक्त बाबांना दिलेला शब्द तेवढा नीट नव्हता.

आणि तेवढ्यात बोर्डवर नागपूरचा कॉल आला. बाबांचाच. त्यानं उचलला, "हॅलो, पचमढी." मला बाबांचा खणखणीत आवाज बाहेर ऐकू येत होता. "बहनजी, हमारी लडकी पहुंची क्या?"

बाबाही फसले होते. त्यानं हेडफोनवर हात ठेवून आमच्याकडे पाहिलं. मी त्याला दोन्ही हात जोडले. एक "हां जी" आणि मी सुटले असते. पण तिनं हेडफोन त्याच्याकडून काढून घेतला.

"काका, मी बोलून राहिली. पोरगी चांगली पोचली. एक गोष्ट सांगाची हाय. ज्याच्याशी तुमी आत्ता बोलले तो बाई नाई, माणूस हाय. मले बी आत्ताच समजलं. आमी त्याच्या मायजवळ झोपनार, तो इथं ऑफिसात. बस."

  बाबा काही म्हणायच्या आत ट्रंक कॉलची ठरलेली तीन मिनिटं संपली, कॉल तुटला.

मी रडले. तिच्यावर चिडले. "कशाला सांगितलंत? त्यांना पटलं होतं ना?"

"आज लपवलं तं उद्या समजनच," ती म्हणाली. "मंग तू तं घरी बसशीनच, तुह्यामागच्या पोरी बी बसतीन. नाई म्हनाचं तं त्याहिनं खरं ऐकून म्हनावं." मग माझ्या पाठीवर थाप मारली. "आता त्याहिचं उत्तर घरी गेल्यावरच भेटते. तवर हे दोन दिवस आपले हायेत. उठ."

मी उठले. धूपगडावर सूर्य बुडताना पाहिला, धबधब्याखाली साडीसकट बसले, घोड्यावर चढले, पडले, पुन्हा चढले. पुन्हा मिळणार नाही अशा हावरेपणानं मी ते दोन दिवस खाल्ले.

इतवारी स्टेशनवर बाबा उभे होते. माझ्याकडे न बघता तिच्यासमोर गेले. "फोनवर मला ती बाईच वाटली होती."

"मले तं दहा साल वाटली, काका. तुमचे दोनच मिनिट गेले."

बाबा आधी मिशीत आणि मग मोठ्यानं हसले. "तुम्ही बरोबर असाल तर हिला कुठेही न्या," ते म्हणाले. मी सुलभाचा हात इतका जोरात दाबला की ती ओरडली.

त्यानंतर आम्ही भेडाघाट पाहिला, बस्तरचे धबधबे पाहिले. दर वेळी बाबा विचारायचे, "ती बाई आहे ना?" मी हो म्हणायची, आणि विषय संपायचा. मग एका वर्षी मी अमरकंटकचा बेत काढला, तर ती म्हणाली, "मी नाई येत. तू जाय."

"तुमच्याशिवाय बाबा नाही सोडणार."

"मंग तुह्या बापानं सोडलं कोनाले? मलेच ना? तू तं अजून घरीच हायेस."

मला ते फार लागलं. मी आठवडाभर तिच्याशी धड बोलले नाही, आणि त्या वर्षी कुठेही गेले नाही.

पुढे थेट डायल फिरवून बाहेरगावी बोलायची सोय झाली. एकेक बोर्ड बंद पडू लागला. ती मुदतीआधीच निवृत्त झाली आणि महिन्याभरात आसामकडे निघाली. तिकडेच का, असं विचारल्यावर म्हणाली, "तिकडं माहा आवाज कोनीच ओळखत नाई." आम्ही स्टेशनवर हात हलवत राहिलो, आणि ती आत एका बाईच्या मांडीवरचं मूल आपल्याकडे घेऊन केव्हाच गप्पांना लागली होती.

त्या हिवाळ्यात एकदा जेवताना मी म्हटलं, "बाबा, शनिवारी मी अमरकंटकला जातेय. एकटी."

 बाबांनी कढी मागितली. "परत कधी?"

"बुधवारी."

"थंडी असेल तिकडे," ते म्हणाले आणि जेवायला लागले.

हात धुताना माझ्या लक्षात आलं, की मी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.  हे आत्ताच्या आत्ता तिला सांगायला हवं होतं. सकाळी ड्युटीवर गेले, हेडफोन चढवला. समोर उरलेल्या बोर्डवर अजूनही कितीतरी गावांच्या लाइनी होत्या. ती आता होती त्या आसामकडची एकही नव्हती.

मी समोरचा कॉल जोडून दिला. शनिवारी निघाले.