वाढणाऱ्याला विचारा

डॉ. गुरुराजराव यांची आणि माझी पहिली भेट पेलाभर पेजेवरून झाली. आहारतज्ज्ञ म्हणून मुलाखतीला मी त्यांच्या खोलीत गेले, तेव्हा सरांनी माझी प्रमाणपत्रे बाजूला ठेवली आणि टेबलावरचा पेला माझ्यापुढे सरकवला. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना देतात ती तांदळाची पेज होती.

"चाखून सांगा, कशी आहे?"

मी एक घोट घेतला. "खरं सांगू, सर?"

"नोकरी हवी असली तर खरंच सांगा."

"गिळवत नाही."

"मग उद्यापासून या," सर म्हणाले. "इथे सगळे तिला छान म्हणतात. चाखलेली कुणीच नाही."

दुसऱ्या दिवसापासून पेजेत मीठ आणि भाजलेले जिरे पडू लागले.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या हाताच्या कौशल्याविषयी त्यांचे विद्यार्थी लिहितीलच. अन्ननलिका, जठर आणि आतडी यांच्या शस्त्रक्रिया, तसेच दुर्बिणीतून होणारे उपचार यांनंतर माणूस अधिक चांगला कसा बरा होईल, हा त्यांच्या आयुष्यभराच्या संशोधनाचा विषय. मला त्यातले फोनच्या या टोकाला बसून जेवढे कळले तेवढेच ठाऊक आहे. शस्त्रक्रियेनंतर तिसाव्या दिवशी प्रत्येक रुग्णाला फोन करायचा, प्रकृती विचारायची आणि तक्त्यात नोंदवायची, हे काम सरांनी माझ्याकडे दिले होते.

आमच्या तंजावुरात डॉक्टरांच्या माणसाला "बरं नाही" म्हणणे जरा उद्धटपणाचेच वाटते. ज्यांनी जीव वाचवला त्यांच्याकडे गाऱ्हाणे कसे करायचे? त्यामुळे पलीकडून ठरलेले उत्तर येई, "नल्ला इरुक्केन," छान आहे. मीही खुशीत "उत्तम" लिहीत गेले. सरांचा शोधनिबंध जवळजवळ तयार झाला होता आणि माझ्या तक्त्यामुळे त्यातले निष्कर्ष फारच देखणे दिसत होते.

अशातच एके दिवशी सर तक्ता वाचता वाचता गोविंदसामींच्या नावापाशी थांबले. गोविंदसामी वीणा घडवणारे कारागीर. सरांनी त्यांच्या जठराचा रोगट भाग काढून उरलेला भाग अन्ननलिकेला जोडला होता.

"उत्तम म्हणजे काय? आज ते काय जेवले?"

"ते विचारलं नाही, सर."

"हेमाबाई, माणसाचं पोट कापलं आणि त्याला जेवण सोडून सगळं विचारलंत."

ते रागावले नाहीत. गाडीची किल्ली घेतली आणि मला बरोबर घेऊन निघाले. गोविंदसामींच्या ओसरीवर अर्धवट कोरलेले फणसाचे लाकूड पडले होते. ते स्वतः भिंतीला टेकून बसले होते आणि आम्हाला पाहून उठायची धडपड करत "छान आहे, छान आहे" असेच म्हणत होते. सर त्यांच्याजवळ बसले. मी पाणी घ्यायच्या निमित्ताने आत गेले, तर त्यांच्या पत्नीने माझा हात धरला.

"अम्मा, आमच्यासमोर दोन घास खातात आणि परसात जाऊन सगळं टाकून येतात. डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून सांगू नको म्हणतात."

मी हे सरांना सांगताच त्यांनी ओळखले, त्यांनी घातलेला जोडच आतून अरुंद झाला होता. आणखी थोडे दिवस माझ्या "उत्तम"वर विसंबलो असतो तर तो माणूस भरल्या घरात उपाशी मेला असता. परतताना गाडीत माझे डोळे वाहू लागले. सर रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "माझ्या गुरूंनी सांगितलं म्हणून कितीतरी वर्षं मी ऑपरेशननंतर माणसं उपाशी ठेवली. एका आजीबाईंनी दुसऱ्याच दिवशी शेजारच्या खाटेवरचा रसमभात चोरून खाल्ला आणि सगळ्यांच्या आधी चालत घरी गेल्या. मी त्यांना रागावलो होतो. माफी मागायची राहूनच गेली. तुम्हाला निदान महिन्याभरात तरी कळलं."

गोविंदसामींचा जोड दुर्बिणीतून, फुग्याने हळूहळू रुंद करावा लागला. तीन-चार खेपांनंतर ते दहीभात खाऊ लागले आणि त्यांच्या ओसरीवरून पुन्हा पटाशीचा आवाज येऊ लागला. तक्त्यातली ती ओळ मात्र सरांनी स्वतः लिहिली, "जोड अरुंद झाला. शस्त्रक्रिया करणारा, मी."

एका तरुण सहकाऱ्यांनी सुचवले की हा एक रुग्ण अपवाद धरावा आणि निबंध पाठवून द्यावा. सरांनी त्यांना विचारले, "बाकीच्यांच्या बायकांशी कोण बोललंय?" निबंध कपाटात गेला. आम्ही सगळ्या रुग्णांना पुन्हा फोन लावले. सर स्वतः रविवारी सकाळी फोन घेऊन बसत. या वेळी पहिला प्रश्न होता, "आज काय जेवलात?" आणि दुसरा, "घरात वाढतं कोण? त्यांना फोन द्या." आणखी काही जण असेच गप्प राहून सोसत असल्याचे कळले, त्यांच्यावर उपचार झाले. निबंध पुष्कळ उशिरा आणि पुष्कळ कमी देखणा होऊन निघाला. मला तो फार आवडतो. त्या दोन प्रश्नांनीच आमचा तक्ता आजही सुरू होतो.

मी स्वभावाने भिडस्त. "ठीक आहे" म्हणणाऱ्याच्या पुढे जाऊन आणखी एक प्रश्न विचारावा, यातही माया असते, हे मला सरांकडे शिकायला मिळाले. घरी, मुलांशीही, ते उपयोगी पडते.

यंदा सरांचेच पित्ताशय काढावे लागले. त्यांच्या विद्यार्थिनीने शस्त्रक्रिया केली. तिसाव्या दिवशी मी नियमाप्रमाणे फोन केला.

"कसे आहात, सर?"

"छान."

"तो शब्द तक्त्यात बसत नाही. आज काय जेवलात?"

"पेज."

"फोन काकींना द्या."

पलीकडून सरांच्या पत्नी ललिताकाकींचा आवाज आला, "कसली पेज? चार इडल्या, वर दह्यात कालवलेली डांगर पच्चडी, आणि आता भाताला वेळ का लागतोय म्हणून माझी उलटतपासणी चाललीय."

"पेज सकाळी चाखली होती," मागून सर म्हणाले.

मी तक्त्यात चार इडल्या लिहिल्या.

तंजावुरातल्या जुन्या मराठी घराण्यांप्रमाणे सर घरी मराठी बोलतात, पण देवनागरी अक्षरांशी त्यांची ओळख बेताचीच. हा लेख काकीच त्यांना वाचून दाखवतील, तेव्हा त्यांच्याच मुखातून माझा नमस्कार पोचावा. सरांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. दर वाढदिवसाला मी फोन करीन आणि हेच विचारीन. काकी, उत्तर तुम्हीच द्यायचे, आणि ते असेच लांबलचक असू दे.