दार लावल्यानंतरची गोष्ट

मी आष्टी सोडली त्या सकाळी माय मला पोचवायला आली नाही. ती सीड प्लॉटवर होती. कापसाच्या बियाण्याचं क्रॉसिंग म्हणजे आदल्या दुपारी कळ्या सोलून ठेवायच्या आणि दुसऱ्या सकाळी, फूल ताजं असतानाच, दुसऱ्या जातीच्या फुलाचा पराग हातानं त्याच्यावर घासायचा. दुपार झाली की ते फूल वाया गेलं. मी बॅग घेऊन बांधावर गेले, पाया पडले. तिची बोटं परागानं पिवळी झाली होती, म्हणून तिनं मनगट माझ्या डोक्याला लावलं आणि म्हणाली, "फूल काय थांबत न्हाई. जा तू." वडिलांनी, म्हणजे दादांनी, मोटारसायकलवर परतूर स्टेशनला सोडलं. गाडी हलली तरी मी फलाटाच्या दाराकडे बघत होते. न जाणो, आली तर.

आली नाही. मला वाटलं, माझ्यासाठी दार लागलं. असं वाटायला कारण होतं आणि ते एका गोष्टीत होतं.

लहानपणी शाळा सुटली की मी मायबरोबर कळ्या सोलायला जायचे. ती एका ओळीत, मी शेजारच्या. माय सातवी शिकलेली. तिच्या शाळेत परदेशी परीकथांचं एक मराठी पुस्तक होतं, त्यातली एक गोष्ट तिच्या मनात घर करून बसली होती. काम करताना ती तीच सांगायची. शेजारच्या काकू ओरडायच्या, "दिवसा गोष्ट सांगू नये गं, मामा वाट चुकतो." माय म्हणायची, "चुकू द्या. तसा बी कुठं येऊन राह्यला तो?"

गोष्ट अशी. बर्फाच्या मुलखातल्या एका गिरणीवाल्याच्या मुलीला नदीपलीकडचं काचेचं शहर बघायचं असतं. नावाडी भाडं म्हणून पैसा घेत नाही. तो म्हणतो, तुझ्या आईच्या मनातली तुझी आठवण दे. पोरगी देऊन टाकते. सात वर्षांनी ती घरी येते, दार वाजवते. आई दार उघडते आणि विचारते, "कोण गं बाई तू?" परक्या माणसाला द्यावी तशी तिच्या हातावर भाकर ठेवते आणि दार लावून घेते.

इथे गोष्ट संपायची. दरवेळी इथेच. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, माझ्या डोक्याच्या वर गेलेली असायची. तिच्याआड उभी राहून मी तोंडावर ओढणी दाबून रडायचे. पुढे कॉलेजात असताना जालन्याच्या एका वाचनालयात ते पुस्तक सापडलं. उभ्या उभ्या शेवटचं पान उघडलं. तिथंही दार लागलेलंच होतं.

तेव्हा मुंबईला निघताना मायनं मला आधीच बजावून ठेवलंय, असंच मी धरून चालले. जा, पण परत आलीस तर परकी म्हणून येशील. सतरा वर्षं मी गावी जायचे ती दोन दिवसांसाठी, पाहुण्यासारखी. तिसऱ्या दिवशीचं रिझर्वेशन आधीच केलेलं असायचं. तुमच्यापैकी जे गाव सोडून गेले त्यांना हे कळेल. जे मागे राहिले त्यांना मी शिष्ट वाटत असेन, आणि तुमचंही चुकलं नाही.

मुंबईत मी डबिंगचे संवाद लिहिते. परदेशी पात्रांचे ओठ हलतील तेवढ्यात मराठी वाक्य बसवायचं, हे माझं काम. गेल्या वर्षी एक ॲनिमेशनपट आला आणि पहिल्या पाच मिनिटांतच माझ्या लक्षात आलं की ही मायची गोष्ट आहे. फक्त नावाड्यासोबत आता एक विनोद करणारं पाणमांजर होतं आणि काचेच्या शहरात सगळे नाचत होते. शेवटी मुलगी दारात उभी राहून अंगाईगीत म्हणते, आईला सगळं झटक्यात आठवतं, मिठ्या, दिवे, पुन्हा नाच. मी डबिंगच्या डिरेक्टरला म्हटलं, मूळ गोष्टीत दार लागतं. दिलेलं भाडं परत मिळत नाही, हाच तर त्या गोष्टीचा जीव आहे. तो म्हणाला, "मॅडम, मुलं रडतील." मी म्हटलं, "मी रडले होते. मला काही झालं नाही."

पोटापाण्यासाठी मी ते अंगाईगीत लिहिलं आणि पाणमांजराचे विनोदही लिहिले. पण मनात चीड होती. जुन्या गोष्टी लिहिणारी माणसं लेकरांना खरं सांगायची, सिनेमावाले लेकरांना चॉकलेट देऊन गप्प बसवतात, असं मी चारचौघांत तावातावानं सांगायचे.

या भाद्रपदात महालक्ष्म्यांना गावी गेले. भावाच्या मुलीनं हौसेनं टीव्हीवर तो सिनेमा लावला, "आत्याचं नाव येतं शेवटी" म्हणून. माय शेजारी बसून वाती वळत होती. मिठ्या आणि नाच झाला, नावं वर सरकू लागली. मी मायकडे बघायचं टाळत होते.

"हे बराबर न्हाई," माय म्हणाली. "एका गाण्यात कुठं ओळख येत असती?"

मी लगेच म्हटलं, "तेच तर. तुझ्या गोष्टीत दार लागतं ते खरं. तिथंच संपायला पाहिजे होतं."

तिनं वात खाली ठेवली. "तिथं कुठं संपती? पुढं हाय की."

"पुढं काय? तू तर कधीच सांगितलं नाहीस."

"तू हुं म्हणलीच न्हाईस कधी. भाकर दिली, दार लावलं, की तुझा हुं बंद. मला वाटायचं, पोरगी कट्टाळली. मंग कुणाला सांगू, पऱ्हाटीला?"

आमच्याकडे ऐकणाऱ्यानं वाक्यागणिक हुं म्हणायचं असतं. हुं थांबला की सांगणाऱ्यानं थांबायचं, हा शिरस्ता. पलीकडच्या ओळीत ती माझ्या हुंकाराची वाट बघून गप्प व्हायची आणि अलीकडे मी तोंडावर ओढणी दाबून उभी. सिनेमा कुणाच्या हुंकारासाठी थांबत नाही, चांगलं असो वाईट असो, शेवटपर्यंत सांगून मोकळा होतो. माझी गोष्ट माझ्या रडण्यानं अर्ध्यावर राहिली, आणि त्या अर्ध्या गोष्टीवर मी सतरा वर्षं काढली. याचं मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

"पण पुस्तकात तिथंच संपते," मी म्हटलं. "मी वाचलंय."

"पुस्तकात संपती. पुढचं मी केल्तं, तुझ्यासाठी."

मग तिनं सांगितलं. पोरगी जात नाही. ओसरीवर बसून भाकर खाते. सकाळी आई रानात निघाली की मागं मागं जाते. आई विचारते, काम येतं का गं? ती म्हणते, येतं. दोघी एका रानात कामाला लागतात. आज, उद्या, परवा.

"आणि ओळख?" मी विचारलं.

"जुनी न्हाई येत. भाड्यात दिली ना ती. दिलेली चीज कशी मागायची? पण रोज सोबत खपल्यावर नवी होती की नाय? कोणती भाजी आवडती, कधी पाठ दुखती, समदं कळतं. मायला ती पोर आवडाया लागती. एवढंच."

मी तिकीट रद्द केलं. दहा दिवस राहिले. त्या दहा दिवसांत मला कळलं की मायला आता डाव्या कानानं कमी ऐकू येतं, चहात साखर चालत नाही, आणि ती कामात पुटपुटत आकडे मोजते. तिला कळलं की मला ऊन सोसत नाही आणि मी फोनवर खोटं हसते. घरी जाताना जुनं सगळं जागच्या जागी मिळेल, अशी आशा आता मी ठेवत नाही. घर म्हणजे जिथं मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करू देतात, तेवढं मला पुरतं.

शेवटच्या सकाळी मीही प्लॉटवर गेले. माझी फुलं तुटत होती, पराग बोटांनाच जास्त लागत होता. या वर्षीच कामाला लागलेली एक बाई माझ्या हाताकडे बघून हसली आणि तिनं मायला विचारलं, "मावशी, ही कोण हो?"

माय फुलावरून नजर न काढता म्हणाली, "लेक हाय माझी. नवीन हाय, शिकून राह्यली."