नाड्यांचं वय

घनसावंगीहून जालन्याला निघालेल्या जीपमध्ये ते नवरा-बायको माझ्यासमोर बसले होते. तो नोकरीतून निवृत्त झालेला, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला. तिच्या मांडीवर जड पिशवी होती आणि सुजलेली पावलं चपलेत मावत नव्हती.

ओळख नसताना त्यानं मोबाइलवरचे आकडे माझ्यापुढं धरले. रक्तवाहिन्या किती कडक झाल्या, त्यावरून त्यांचं वय दंडाला पट्टा बांधून सांगणारं मशीन त्यानं घरी आणलं होतं.

"रोज सकाळी मोजून राह्यलो. वय पासष्ट, पण नाड्या पन्नाशीच्या. बिनमिठाचं जेवण, टायमावर झोप, टेन्शन बिलकुल न्हाई."

बोलता बोलता त्यानं नुसता हात पुढं केला. तिनं बाटलीचं झाकण उघडून ती त्याच्या हातात दिली.

"मावशींचं मोजलं का?" मी विचारलं.

"तिला काय धाड भरली? दिवसभर कामात असती."

अंबडला जीप थांबली आणि तो चहाला उतरला. तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"ते फिरायला गेल्ते, तवा मी लावला होता पट्टा. साठीची मी, नाड्या ऐंशीच्या दाखवल्या."

"त्यांना सांगितलं?"

"सांगितलं ना. मशीन बिघडलं म्हणून जल्दी दुकानात घेऊन गेले. दुकानदार म्हणला, मशीन बराबर हाय."

"मग?"

तिनं पिशवी मांडीवर नीट ओढून घेतली.

"मंग काय न्हाई. पुन्हा मशीनला हात लावू नको म्हणले."