कौशल्यावहिनींनी बसवलेली ज्योत

फोन आला तेव्हा मी वरणाला फोडणी घालत होतो. "महाराज, आई गेली..." कौशल्यावहिनींची मुलगी एवढंच बोलू शकली. फोडणी जळली. आचारीपणात माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं. त्याला आता महिना झाला, तरी सकाळी भट्टी पेटवताना वहिनींची आठवण येतेच.

वहिनी देवरीच्या. नवरा गॅसच्या शेगड्या आणि लग्नाकार्याच्या भट्ट्या दुरुस्त करायचा, त्याच्या शेजारी बसून याही काम शिकल्या. तो वारल्यावर त्यांनी दुकान उघडं ठेवलं, पण गिऱ्हाईक पायरीवरूनच परत जायचं. गॅसचं काम आणि बाई? छे! असं म्हणणाऱ्यांत मी सगळ्यांच्या पुढे होतो, आज लाज वाटते. "दिवाळीपर्यंत पायतो, नाई तं दुकानाले कुलूप लावतो," असं त्या सांगत फिरायच्या. मी ऐकून घ्यायचो आणि माझी भट्टी गोंदियाला पाठवायचो.

मग सालेकसाजवळचं ते लग्न आलं. भट्ट्यांच्या हवेच्या फटींतून गॅसचा वास यायला लागला. मी मोठ्या हुशारीनं त्या फटी भिजवलेल्या कणकेनं लिंपून टाकल्या! वास कमी झाला खरा, पण ज्योत पिवळी पडली, काजळी उडू लागली, भाताचं आधण काही उकळेना. तिकडे वरातीचा बँड ऐकू येत होता. गोंदियाचा मिस्त्री येईस्तोवर वऱ्हाड उपाशी बसलं असतं आणि माझं नाक कापलं गेलं असतं. वहिनी नवरीकडच्या पाहुण्या म्हणून आल्या होत्या. पदर खोचून त्या सरळ भट्टीपाशी आल्या.

"महाराज, ही कणीक कायले लावली जी?"

"गॅस गळून राहिला होता."

"गळून नाई राहिला. आत वाट बंद हाये, म्हणून मागं येऊन राहिला. अन् वरून तुमी तिचं नाकच बुजवलं! श्वास कसा घेईन थे?"

त्यांनी गॅस बंद केला, कणीक खरवडली, नळीतून तार फिरवली. आतून कोळ्याचं जाळं निघालं. पुन्हा पेटवून त्या हवेच्या फटींवरची चकती हळूहळू उघडू लागल्या. हवा जास्त झाली तशी ज्योत फुरफुरत बर्नर सोडून वर उडायला लागली. "विझली आता!" मी ओरडलो.

"चूप राहा जी."

चकती केसभर मागे फिरली... आणि ज्योत खाली बसली. निळीशार, ठाम. बघता बघता चारही भट्ट्या निळ्या झाल्या आणि वऱ्हाडाच्या पानावर गरम भात पडला.

व्याह्यांनी जेवणाची तारीफ केली तेव्हा मी माइकच हातात घेतला. "तारीफ या वहिनींची करा. आजपासून माझ्या भट्टीला दुसऱ्या कोणाचा हात लागणार नाही!" दुकानाला ते कुलूप काही लागलं नाही. उलट वहिनींनी आमगावपर्यंतच्या कितीतरी बायकांना हे काम शिकवलं.

मागच्या आठवड्यात आमगावला एका कार्यात भट्टी बिघडली. एक तरुण मिस्त्री पेटी घेऊन आला, चांगला शिकलेला. माझ्या हाताखालच्या आचाऱ्यानं त्याला मांडवाच्या दारातच अडवलं.

"तुमी काऊन आले जी? गॅसचं काम हाये. बाईले पाठवा!"