दोन माइकांचे यंत्र

गल्लीतील यंत्रमाग कायमचे बंद करावेत, असा महापालिकेस लिहिलेला माझा सातवा तक्रारअर्ज खिशात होता. टॉर्चचे सेल घेण्यासाठी मी रेडिओच्या दुकानात शिरलो. तेथे एक विणकर टेपरेकॉर्डर पाहत होता. प्रत्येक बटण दाबण्यापूर्वी तो बोटांना चिकटलेले सुताचे तंतू पायजम्याला पुसे. उचलून नेता येईल असे, दोन माइकांचे आवाज वेगवेगळे टिपणारे यंत्रच त्याला हवे होते: एक माइक आईच्या गाण्यासाठी, दुसरा मागासाठी.

"अहो, माग बंद करून गाणं भरा की!" दुकानदार हसला.

"माग थांबला की आई बी थांबती, शेठ. तिचा ताल त्योच हाय."

अर्ज मी त्याच दिवशी टपालात टाकला. मात्र तत्पूर्वी, त्याच दुकानाच्या फळीवर टेकवून, 'कायमचे' हा शब्द खोडला आणि 'रात्री दहानंतर' असे लिहिले.