सासऱ्यांनी बसवलेले पाटे

माझे सासरे चाळीस वर्षं अकोल्याला वकिली करत होते. सासूबाईंना लकवा मारला, डावी बाजू गेली, तेव्हा दोघांना अमरावतीला आमच्याकडे आणलं. कुणाकडे आणायचं याची चर्चा झालीच नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात दोन्ही नणंदा माझा हात धरून म्हणाल्या, "तू आहेस म्हणून काळजी नाही." मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडची निदेशक आहे. नवरा बडनेऱ्याला रेल्वेत, त्याच्या ड्युटीचा काही नेम नाही. पण मी होते, म्हणून बाकी कुणालाच काळजी नव्हती.

सकाळी एक बाई यायची. आईंची, म्हणजे सासूबाईंची, आंघोळ, डायपर, खाणंपिणं करून माझी वाट बघत पाचपर्यंत थांबायची. पाचनंतर आणि रविवारी सगळं माझ्याकडे. सासरे दिवसभर घरीच असत. पेपर वाचत, टीव्हीवर बातम्या बघत, चार वाजता चहा मागत.

मागच्या बंदिस्त पडवीत माझं एक टेबल होतं. त्यावर मी वर्षभरापासून एक ट्रक बनवत होते. रिमोटवर चालणारा, खऱ्याच्या एक दशांश मापाचा. असे ट्रक जोरात पळवायचे नसतात. दगडगोट्यांवरून, उतारावरून मुंगीच्या चालीनं चढवायचे असतात. मोटर, गिअरबॉक्स, एक्सल ऑनलाइन मागवले होते. चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, मी स्वतः पत्रा वाकवून केली होती. धक्के झेलणारे तयार शॉकअप मिळतात, पण ते मला नको होते. माझ्या वडिलांचं अंजनगाव सुर्जीला ट्रकचं गॅरेज होतं आणि माझं लहानपण तुटलेले पाटे बघण्यात गेलं. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, मधे बोल्ट, दोन्ही टोकांना पिना. खाली खड्डा आला की त्या दबतात, मग हळूच वर येतात. मला तसेच पाटे हवे होते, बोटाएवढे.

हॅक्सॉ करवतीची ब्लेड गॅसवर लाल करून नरम करायची, दात घासून काढायचे, बाक द्यायचा, टोकाला पिनेसाठी डोळा वळवायचा आणि पुन्हा तापवून तेलात बुडवून पाणी द्यायचं, म्हणजे कडक करायचं. चार चाकांचे चार संच, प्रत्येकात चार पट्ट्या. पहिल्या सोळा पट्ट्या मी फेकून दिल्या. फार ताठ झाल्या होत्या. एका चाकाखाली दगड आला की दुसरं चाक हवेत.

"हे काय खेळणं?" सासरे पहिल्यांदा पडवीत आले तेव्हा म्हणाले. मी सांगितलं. त्यांनी एक पट्टी उचलली, चष्मा कपाळावर सारला, डोळ्याजवळ नेली. मग अंगठ्यानं दाबून बघितली. "टोकाला जाड आहे," ते म्हणाले. "निबचं असंच असतं. टोक घासल्याशिवाय लवत नाही."

ते शाईच्या पेनांचे शौकीन. कोर्टात असताना निब स्वतः बारीक कागदावर घासून आपल्या हाताला लावून घ्यायचे, हे मला माहीत नव्हतं. त्या दिवशी त्यांनी ती पट्टी पॉलिश पेपरवर अर्धा तास घासली. टोक निमुळतं झालं, पट्टीवर पट्टी सरकायला लागली. मी तो पाटा दाबला आणि तो लवला, अगदी वडिलांच्या गॅरेजमधल्यासारखा. मला इतका आनंद झाला की मी त्यांना तिथल्या तिथे दुसरा संच दिला.

त्यानंतर रोज संध्याकाळी आम्ही दोघं टेबलाशी असू. पंचाहत्तरी उलटलेला माणूस, पण बोट जरासुद्धा हलायचं नाही. मोहरीएवढा नट चिमट्यात धरून ते श्वास रोखत, बसवत आणि मग सोडत. माझ्या कामाला कुणी या घरात काम म्हटलं नव्हतं. ते म्हणाले, "तुझा हात चांगला आहे." लग्नाच्या बारा वर्षांत सासरी मला मिळालेली ती पहिली शाबासकी होती, आणि मी ती अधाशासारखी घेतली.

आईंच्या पलंगाशी एक ताट आणि चमचा ठेवला होता. काही लागलं की त्या उजव्या हातानं चमचा ताटावर वाजवत. चमचा वाजला की सासरे मान वर न करता म्हणत, "अगं, बघ जरा." मी उठायचे. पाणी द्यायचे, उशी सारखी करायचे, परत यायचे. एकदा मी पोळ्या करत होते, हात कणकेत. चमचा वाजला. सासरे आईंच्या खोलीच्या दाराशीच खुर्चीत बसले होते, पाण्याचा तांब्या त्यांच्याच शेजारी. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. मी हात धुऊन आले तेव्हा मला म्हणाले, "तिला पाणी हवंय वाटतं."

आईंच्या अंगाखाली घालायला मी जुन्या सुती साड्यांचे मऊ तुकडे धुऊन, उन्हात वाळवून ठेवले होते. एक दिवस पाहिलं, त्यातले चार तुकडे पडवीत, ग्रीसनं काळे झालेले. "एक्सल पुसायला एकदम छान," सासरे म्हणाले. "तंतू सुटत नाहीत." मी नवे तुकडे फाडून ठेवले.

मग तो रविवार. मागचे पाटे बसवायचे होते. सासरे दोन्ही हातांनी संच दाबून धरून होते आणि मी पट्टीच्या डोळ्यातून पिन घालत होते. पिन निम्मी आत गेली आणि चमचा वाजला.

"आले आई, एक मिनिट," मी ओरडले.

"सोडू नको," सासरे म्हणाले. "निसटेल."

पिन गेली. मग दुसरी बाजू. मग पाटा एक्सलला आवळणारे यू बोल्ट. चमचा मधूनमधून वाजत राहिला, मग थांबला. तो थांबल्याचं मला कळलं होतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, पण कळलं होतं आणि बरं वाटलं होतं. आम्ही ट्रक फरशीवर ठेवला. समोर खलबत्ता, वीट आणि दोन दगड मांडले. सासऱ्यांनी रिमोट हातात घेतला. ट्रक हळूहळू विटेवर चढला, पुढचं डावं चाक वर, मागचं उजवं खाली, पाटे वाकले, पण चारही चाकं टेकलेली. वर चेसिस जवळपास सपाट. सासऱ्यांनी लहान मुलासारख्या टाळ्या पिटल्या. "वर पाण्याचा पेला ठेव, सांडणार नाही!" ते म्हणाले.

मी पेला आणायला घरात गेले आणि वास आला.

डायपर फुटून सगळं पाठीपर्यंत, मानेपर्यंत गेलं होतं. चमचा जमिनीवर पडला होता. तो थांबला नव्हता, हातातून पडला होता. आई भिंतीकडे तोंड करून होत्या. मला बघून, म्हणजे बघायचा प्रयत्न करून, त्यांनी विचारलं, "झाली काय वो गाडी?"

टोमणा असता तर मला सोसला असता. त्या खरंच विचारत होत्या.

मी चादर काढली, कोमट पाणी आणलं. पुसताना कमरेच्या खाली हात लागला आणि त्या कण्हल्या. तिथलं कातडं माझ्या कापडाबरोबर निघून आलं. खाली लालभडक, ओलं. किती दिवसांपासून ते तिथं शिजत होतं कोण जाणे. त्यांना कुशीवर वळवून धरायचं आणि त्याच वेळी पुसायचं, हे एकटीला जमत नव्हतं. नवरा ड्युटीवर.

"बाबा, इकडे या."

ते दारापर्यंत आले. खिशातून इस्त्रीचा रुमाल काढून नाकाला लावला.

"आत या. यांना धरा."

"मी काय धरू? बाईमाणसाचं काम आहे ते. शेजारच्या कुणाला बोलाव."

"तुमची बायको आहे."

"अगं, मला सवय नाही याची."

"मोहरीएवढा नट धरता येतो ना? इथं खांदा धरायचाय फक्त."

चाळीस वर्षं कोर्टात शुद्ध बोललेला माणूस एकदम वऱ्हाडीवर आला. "मले नाही जमत! काहून मांगं लागून राह्यली तू?"

आणि माझ्या हातातून, त्या घाणीतून, आई बोलल्या. "राहू दे वो बाई. त्यायले किळस येते. त्यायच्या मायचंही मीच केलं, तीन वर्सं. ते खोलीतबी नव्हते येत."

हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. जावयाला कारलं आवडत नाही, असं सांगावं तसं सांगितलं. मला त्या घाणीची किळस आली नव्हती तेवढी त्या वाक्याची आली.

मी म्हटलं, "बाबा, या. नाहीतर मी यांना अशाच ठेवून तुमच्या मुलींना व्हिडिओ कॉल लावते."

ते आले. दोन बोटं आईंच्या खांद्यावर ठेवली, गरम तव्यावर ठेवावीत तशी, आणि तोंड फिरवून लोटलं. मी भराभर पुसलं. अर्ध्या मिनिटात ते खांदा सोडून बेसिनकडे धावले. बाहेरून ओकाऱ्यांचा आवाज येत राहिला.

आईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्यायले लिंबूसरबत देजो," त्या म्हणाल्या. "पित्ताचा तरास हाय त्यायले."

मी हात कोपरापर्यंत धुतले आणि लिंबूसरबत केलं. त्यांना नेऊन दिलंही. 

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. जखम वेळेत सापडली म्हणाले, एअरबेड आणा आणि दर दोन तासांनी कूस बदला. नवऱ्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "त्यांचं आता काय बदलणार?" पण सुटीच्या दिवशी तो उठला आणि माझ्याकडून शिकून घेतलं. बावळटासारखं करायचा, पण दोन्ही हातांनी करायचा.

सासऱ्यांना मी अट घातली. पडवीची किल्ली माझ्याजवळ. दर दोन तासांनी बाईबरोबर किंवा माझ्याबरोबर कूस बदलायची, तर संध्याकाळी पडवी उघडेल. ते चिडले, दोन दिवस जेवताना बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातून रबरी हातमोजे आणि मास्क घेऊन आले. मग घड्याळ बघून यायचे, मोजे चढवायचे, भिंतीकडे बघत आईंना लोटायचे, "झालं" म्हणायचे आणि साबणानं हात धुवायचे, मोजे घातलेले असूनही. संध्याकाळी किल्ली मागायचे. ट्रक त्यांनी एकट्यानं पुरा केला. मी त्या टेबलाशी बसू शकत नव्हते. त्यांची बोटं एखाद्या पाट्यावरून हलकेच फिरताना दिसली की मी आत निघून यायचे.

जखम भरत आली. मला वाटलं, मी जिंकले.

मग एका रविवारी अकोल्याहून त्यांचे दोन जुने वकील मित्र भेटायला आले. त्यांच्यासमोरच घड्याळात चार वाजले. सासऱ्यांनी मोजे चढवले. मित्र बघतच राहिले. "वकीलसाहेब, या वयात वहिनींची एवढी सेवा! आजकाल कोण करतं?" सासरे हसले. "अहो, कर्तव्य आहे," ते म्हणाले. आणि मास्क खाली ओढून, पहिल्यांदाच भिंतीकडे न बघता, आईंच्या केसांवरून हात फिरवला. तोपर्यंत नजर मित्रांकडे होती. नंतर त्यांना पडवीत नेऊन ट्रक दाखवला. हेही सगळं घरीच केलं, म्हणाले.

मित्र गेल्यावर मी आईंची चादर बदलायला गेले. रागानं मी उशी आपटली. त्यांच्या ते लक्षात आलं.

"एक सांगू काय वो?" त्या म्हणाल्या. "त्यायले माह्या अंगाले हात नको लावू देत जाऊ."

"का? दुखतं?"

"दुखत नाही. पण त्या रबराच्या मोज्यानं मी मेल्यासारखी वाटते मले. ते तोंड फिरवते, ते मले दिसते ना. पन्नास वर्सं मी त्यायले काही दिसू नाही देलं. आता दिवसातून सहा डाव दिसते त्यायले."

"आई, पण त्यांनीच करायला हवं ना? ते नवरा आहेत."

"तूनं त्यायले लावलं. मले विचारलं होतं काय?"

नव्हतं विचारलं. दोन महिने मी त्या बाईचं अंग एका माणसाला धडा शिकवायला वापरलं होतं, आणि मनातल्या मनात स्वतःला शाबासकीही दिली होती. मी तिथंच पलंगावर बसले. आईंनी चांगला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. "तुहे हात गरम असते," त्या म्हणाल्या. मला तेही ऐकवेना. कारण त्याचा अर्थ पुन्हा तोच होता. मीच.

त्या संध्याकाळी मी सासऱ्यांना सांगितलं, उद्यापासून तुम्ही करू नका. संध्याकाळसाठी मी दुसरी बाई बघितली आहे. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. मोजे कचऱ्यात टाकले आणि म्हणाले, "मग पडवीची किल्ली माझ्याजवळच राहू दे ना?"

मी किल्ली दिली.

आई आता आधारानं बसतात. चार महिन्यांपूर्वी दोघं अकोल्याला परत गेले, तिथं दिवसरात्र राहणारी बाई आहे. जाताना सासऱ्यांनी ट्रक मागितला आणि मी नको म्हटलं नाही. नणंदेनं त्याचा व्हिडिओ पाठवला होता. कृषी विद्यापीठाच्या बाजूला कुठल्यातरी मातीच्या चढावर तो चढतोय, चारही चाकं टेकलेली, आणि मागून सासऱ्यांचा आवाज: "बघा, पाटे बघा!" व्हिडिओ मी पूर्ण बघितला. काम खरोखर उत्तम झालं होतं. मग तो पुसून टाकला आणि आईंना फोन लावला. त्यांच्या बाईनं उचलला, म्हणाली, "झोपल्या हायेत, आत्ताच कूस बदलली."