भिंतीकडे तोंड केलेली ट्रंक

भोये काकांना लोकांच्या घरात डोकवायची वाईट खोड होती. आज पहाटे ते गेले, आणि मला सगळ्यात आधी त्यांची ही खोडच आठवली.

हसू नका. त्या खोडीमुळे मी शिकले.

काका म्हणजे फौजेतले रिटायर्ड हवालदार भोये. मूळ सुरगाण्याचे. घर नाशिकच्या इंदिरानगरला, नोकरी अंबडच्या एका कंपनीत गेटवर. सुट्टी मिळाली की जीपला लटकून डोंगरात यायचे. नातेवाइकांकडे कमी, अनोळखी घरांत जास्त.

पाणी मागायचे आणि पाणी येईपर्यंत मान आत.

"चूल या कोपऱ्यात का वं?" "ते कोंबडं लंगडतं का?"

एका माणसाला इतके प्रश्न पडतात तरी कसे, हा मला त्यांच्याबद्दल पडलेला पहिला प्रश्न.

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. मी चौथीत. आमच्या पाड्यावरची शाळा तिथेच संपायची. पुढे काय, तर आईबरोबर द्राक्षांच्या हंगामाला निफाडकडे.

माझे बाबा फौजेत होते. मी लहान असतानाच त्यांची गाडी दरीत कोसळली. आई तालुक्याला जाऊन पेन्शन आणायची, पण बाबांविषयी चकार शब्द काढायची नाही.

काका आमच्या दारात बसले. पाणी प्यायले. आत बघत राहिले.

"बाई, ही ट्रंक अशी उलटी का ठेवली?"

काळी लोखंडी ट्रंक. त्यात नागलीचं धान्य असायचं. मला तर ती नागलीचीच ट्रंक वाटायची.

आई 'नको' म्हणेपर्यंत काकांनी ती फिरवली होती.

भिंतीकडच्या बाजूला पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि बाबांचं नाव. बाबांचं नाव लिहिलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पुढे मोठी झाल्यावर मी विचारलं, "काका, तुम्हाला कळलं कसं?"

"फौजी ट्रंकेचं तोंड दाराकडं ठेवतो. लय ट्रंका पाह्यल्या, पन भिंतीकडं तोंड केलेली हीच. म्हनलं, इथं कोनतरी फौजेवर रागावलंय."

अंदाज थोडा चुकला होता. पण ते नंतर कळलं.

त्या दिवशी त्यांनी सांगितलं, नाशिकला फौजींच्या मुलींसाठी होस्टेल आहे. जवान गेलेला असेल तर राहणं, जेवण सगळं फ्री. शाळेच्या फीचंही बघतात.

आई म्हणाली, "पोर मामाकडं ऱ्हाते."

मी समोर उभी होते.

काकांनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि आयुष्यात बहुतेक पहिल्यांदाच पुढचा प्रश्न विचारला नाही.

पण येत राहिले. दर सुट्टीला पाणी, दर सुट्टीला होस्टेल. शेवटी आई वैतागून म्हणाली, नुसतं बघून येऊ.

रात्री काकांच्या घरी मुक्काम. सकाळी त्यांच्या शिफ्टच्या आधी होस्टेलवर गेलो. आणि नेमकी तेव्हाच सकाळची हजेरी चालू. शिट्टी वाजलेली, मुली लाइनीत उभ्या, एकेक जण आपला नंबर ओरडतेय.

आईने माझं मनगट धरलं आणि सरळ गेटबाहेर.

काका मागून आले. चहाच्या टपरीपाशी तिला थांबवलं. तिथे ती पहिल्यांदा बोलली.

"त्यान्लाबी अशीच लायनीत उभी केली व्हती. भरतीला. आधी मोजत्यात, मंग घेऊन जात्यात. सरकार फुकट कशाला शिकवंल? मोठी झाली का हिलाबी मागतील."

म्हणजे इतकी वर्षं ती ट्रंक नव्हती लपवत. मला लपवत होती.

काका हसले नाहीत. 'अडाणी' वगैरे तर अजिबात नाही.

मग म्हणाले, "बाई, फौजेला जे द्यायचं ते हिच्या बापानं दिलं. आता हिच्याकडून कोन काय मागत नाय. आन इथं मोजत्यात ते न्यायला नाय. एखादी कमी तर नाय ना पडली, ते बघाय मोजत्यात."

आई म्हणाली, "मी मोजीन."

होस्टेलच्या मॅडम स्वतः जवानाच्या विधवा. त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. आई मुक्कामाला राहिली आणि संध्याकाळच्या हजेरीला लाइनीसमोरून बोट दाखवत गेली. तिला वीसपर्यंतच येत होतं. वीस झाले की पुन्हा एकपासून.

सकाळी पुन्हा मोजल्या. तेवढ्याच भरल्या.

मग मला तिथे ठेवून ती एकटी जीपमध्ये बसली. मागे वळून पाहिलं नाही. मला तेव्हा फार राग आला होता.

त्यानंतर दर सुट्टीला काका मला पाड्यावर नेऊन सोडायचे आणि सुट्टी संपली की परत होस्टेलला न्यायचे. एकदा तापाने फणफणले होते तरी मला घरी सोडायला होस्टेलवर आले. मी म्हटलं, काका, मी जाईन एकटी. तर म्हणाले, "तू जाशील गं. तुझी आई तिकडं रस्त्यावर उभी असंल त्याचं काय?"

दहावी झाली, बारावी झाली, डीएड झालं. मग झेडपीच्या शाळेत लागले. काकांनी शाळा बघायला येऊन वर्गातल्या पोरांना इतके प्रश्न विचारले की मला शिकवायचं सुचेना.

या माणसाला आमच्या घराशी काय देणंघेणं होतं, हे मला अजून पुरतं कळलेलं नाही. विचारायचं राहून गेलं. फार वाईट वाटतंय त्याचं.

आज कळवायला पाड्यावर फोन केला, तर आईला आधीच कळलेलं; ती कुणाला न सांगता पहिल्या जीपने निघालीसुद्धा होती. इंदिरानगरला पोचली, काकूंच्या शेजारी बसली.

मग आई काकूंना म्हणाली, "पोर घेऊन निघाला ना तुमचा मानूस, का दर बारीला मला वाटायचं, गेली आता. पन दर बारीला आनून दिली त्यानं."

काका, माझ्या आईच्या दारी तुम्ही पाणी प्यायला थांबलात. तुमचे उपकार कधी फिटणार नाहीत.

राम राम.